उतू गेलेला फेस

सुनेचा फोन आला तेव्हा अण्णांनी फसफसत्या वाइनचं बूच नुकतंच उडवलं होतं. “अण्णा, आज नाही हो जमणार, पिल्लूला ताप आलाय. तुम्ही खाऊन घ्या.”

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवून बाटलीवरच डाफरले, “आता तुला कोण संपवणार?”

बायको गेल्यानंतर रविवारच्या या उशिराच्या न्याहारीचा घाट त्यांनी पहिल्यांदाच घातला होता. पूर्वी पीचचा गर काढून ती ग्लासात घालायची, वर वाइन अण्णा ओतायचे, तेही भसाभसा. फेस उतू जायचा. “अहो, ग्लास तिरका धरा! किती वेळा सांगायचं?” असं करवादत ती वाकून ग्लासालाच तोंड लावायची.

आज त्यांनी गर घातलेला ग्लास तिरका धरला, हळूहळू ओतलं. थेंबही सांडला नाही, आणि त्याचाच त्यांना राग आला. दुसरा ग्लास टेबलावर सरळ ठेवून त्यांनी बाटली भसकन उपडी केली. फेस उसळला, टेबलावर पसरला, टपटप खाली गळू लागला.

अण्णा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले. बराच वेळ थांबले. मग स्वतःच उठून फडकं घेऊन आले.