बरणीने धरलेलं मौन

हेडमास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवलं होतं. व्हरांड्यात ते नुसते खाकरले तरी वर्गच्या वर्ग चिडीचूप व्हायचे. निवृत्तीनंतर मात्र गप्प बसवायला कोणी उरलंच नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा आणि सून सकाळीच कामाला निघून जायचे, आणि मागे राहिलेलं घर न सांगताच शहाण्यासारखं बसून राहायचं. म्हणून मागच्या अंगणातल्या वेलीला द्राक्षं लगडली तशी त्यांनी वाइन करायला घेतली.

पहिल्या खेपेला त्यांनी रस काढला, साखर घातली, यीस्ट घातलं आणि बरणीचं झाकण दोन्ही हातांनी करकचून आवळलं. त्यांच्या राज्यात सैल काहीच नसायचं. थोड्याच दिवसांत, सगळे जेवायला बसलेले असताना, झाकण उडालं ते थेट छताला जाऊन आपटलं. सुनेचे नुकतेच धुतलेले पांढरे पडदे जांभळे झाले.

"बाबा," टेबलाखालून बाहेर येत सून म्हणाली, "इतकं कोंडून ठेवल्यावर कोणीही दंगा करेल."

सुनेचं औषधांचं दुकान होतं. नळ्या, बुचं, बाटल्या हा तिचा रोजचाच कारभार. तिने कुठून तरी एक वाकडी पारदर्शक नळी मिळवून आणली.

"हा एअरलॉक. याच्या वाकणात पाणी भरायचं आणि तो बुचात खोचायचा. आतला गॅस पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. हवा लागली तर वाइन आंबून जाते."

"एवढीशी नळी हे सगळं करणार?"

"तुमची शाळेतली शिट्टी तरी केवढी होती, बाबा?"

उरलेल्या द्राक्षांचा रस नव्या बरणीत गेला, वर एअरलॉक बसला, आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना हेडमास्तरांना ऐकू आलं, "बुडुक." त्यांनी मान वर केली. "बुडुक." संध्याकाळपर्यंत त्यांची खुर्ची दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, बरणीशेजारी आली होती. त्यांनी व्याह्यांना फोन लावला आणि रिसीव्हर बरणीपाशी धरला.

व्याही म्हणजे सुनेचे वडील, जन्माचे बेकरीवाले. "आमचं पीठही फुगतं," ते म्हणाले, "पण असा बोभाटा करत नाही. बरं, रविवारी येतो. बघू तुमची करामत."

आणि नेमकी त्यानंतर बरणी मूग गिळून बसली.

थंडी वाजत असेल म्हणून हेडमास्तरांनी तिला आपला लोकरी मफलर गुंडाळला. मग तिला खिडकीपाशी उन्हात नेलं, तिथून परत कोपऱ्यात आणलं. शेवटी आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "अगं, बोल की. रागावलीस का?"

"कोणाची मनधरणी चाललीय?" दारातून सुनेने विचारलं. आज ती दुकानातून लवकर आली होती.

"कोणाची नाही. वाइन मेली बहुतेक."

सुनेने मफलर सोडला आणि बरणी निरखून पाहिली. नळीत पाणी होतं, पण बुचाच्या कडेला बारीक फेस येत होता. "मेली कुठली! बूच तिरकं बसलंय, त्यामुळे गॅस कडेने पळतोय. कोणी काढलं होतं?"

हेडमास्तर खिडकीबाहेरच्या वेलीकडे बघायला लागले. "आपोआप सरकलं असेल."

"आपोआप? मग तुमच्या नाकाच्या शेंड्याला जांभळं काय लागलंय?"

हेडमास्तरांचा हात झटकन नाकाकडे गेला. नाक कोरडं होतं. हीच युक्ती वापरून त्यांनी शाळेत कितीतरी चोर पकडले होते. सून ओट्याला धरून हसत राहिली.

"नुसता वास घेतला," ते पुटपुटले. "जरासाच."

"एकदाच?"

"सकाळ-संध्याकाळ."

सुनेने बूच काढून पुसलं, सरळ धरून घट्ट दाबलं, आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली. चहा टाकायचा राहून गेला. दोघं नळीतल्या पाण्याकडे टक लावून बसले. पाणी एका बाजूने हळूहळू वर चढलं, थबकलं, आणि...

"बुडुक."

"आला!" हेडमास्तर एवढ्या जोरात ओरडले की नुकताच कामावरून परतलेला मुलगा धावत आत आला. "काय झालं? कोण आलं?"

रविवारी व्याही रिकामा ग्लास हातात धरूनच बसले. वाइन तयार व्हायला अजून काही महिने लागतील हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. तरी बरणीपाशी ते बराच वेळ रेंगाळले, आणि निघताना म्हणाले, "बोलते मात्र छान."

पुढे बुडबुडे थांबले, गाळ खाली बसला, वाइन बाटल्यांत भरली गेली. व्याह्यांना पुन्हा बोलावणं गेलं. त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कशी आहे?" हेडमास्तरांनी न राहवून विचारलं.

"आंबट आहे," व्याही म्हणाले आणि ग्लास पुढे केला. "थोडी अजून द्या. नक्की किती आंबट, ते नीट कळायला हवं."