मूठ मिटलेलं नाणं

लाँड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक एकही नव्हतं. सगळे आले होते इस्त्रीच्या टेबलावरचं नाणं बघायला.

"हात लावू नका!" नाणेबाबा कडाडले. "टाकसाळीत लाखो नाणी पडतात. त्यातलं असं एखादंच यंत्राला चकवून बाहेर येतं. कडा बघा, कशी आत वळलीय! संपत्तीनं मूठ मिटलीय. आलेला पैसा बाहेर जायचा नाही."

"मग तुम्ही कशाला देताय?" लाँड्रीवालीनं विचारलं.

"मला मोहच उरला नाही, ताई. तेवढा तुमचा ड्रायर फक्त द्या."

गर्दी गहिवरली. लाँड्रीवालीचा नवरा तर पार विरघळला. त्यानं हमालसुद्धा बोलावून ठेवले होते. लाँड्रीवालीला मात्र वेगळाच हिशेब दिसत होता. ड्रायर गेला तर धंदा बसणार, लेकीची फी कुठून भरायची?

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाहीतरी तो खडखडतोयच."

"दुरुस्त करा म्हणून कधीची घसा फोडतेय!"

तेवढ्यात नणंद आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि भावाची खरडपट्टी काढायची संधी कधी सोडायची नाही. तिनं नाणं खुशाल उचलून भिंगाखाली धरलं.

"दादा, वळलेल्या कडेखाली काय दिसतंय?"

"अक्षरं. दबलेली."

"म्हणजे अक्षरं आधी उमटली, कडा नंतर वळली. टाकसाळीची चूक होते ती नाणं घडताना. ठसा सरकतो, नाहीतर चकतीच वेडीवाकडी कापली जाते. हे बिचारं नंतर कुठंतरी मार खाऊन आलंय."

"नास्तिक कुठली!" बाबा गरजले. "उचला रे ड्रायर!"

हमालांनी ड्रायर तिरका केला. आत खळ्‌कन वाजलं. नणंदेनं मागचं झाकण काढलं आणि टपाटपा नाणी पडली. प्रत्येकाची कडा तश्शीच आत वळलेली! गिऱ्हाइकांच्या खिशातून सुटून, ड्रायरच्या फिरत्या पिंपाच्या फटीत अडकून, महिनोन्‌महिने आपटत राहिलेली.

"अगं बाई, टाकसाळ माझ्याच घरात!" लाँड्रीवालीला हसू आवरेना. तिनं बाबांचं नाणं त्याच ढिगात टाकलं आणि ढीग चांगला कालवला. "घ्या बाबा, तुमचं दिव्य नाणं ओळखा आणि चालते व्हा."

बाबांनी एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. गर्दी खो खो हसायला लागली. बाबा रिकाम्या हातानंच सटकले.

नवरा मान खाली घालून पाना शोधायला लागला.

"आणि तुम्ही सगळे," नणंद गर्दीकडे वळली, "नवल वाटलं तर जरूर वाटू द्या. पण घरातली वस्तू उचलून देण्याआधी एवढंच विचारा, हे झालं कसं? विचारल्यानं कुणाचं काही जात नाही. न विचारल्यानं आज हिचा ड्रायर चालला होता."