खुर्चीतली मंडळी

जानराव कोकणातून परतले की पंचफुलाबाई नवऱ्याआधी खुर्चीकडे पाहायच्या. चाकांची ती खुर्ची त्यांचीच. लकवा मारल्यापासून घरात त्या वॉकर धरून कशाबशा फिरत, पण अमरावतीच्या रस्त्यावर उतरायचं तर खुर्चीच हवी. अन् हीच खुर्ची घडी करून जानराव बडनेऱ्याला रेल्वेत बसत, एकटे. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोल्याच्या एका पेपरात सदर सुरू केलं होतं: म्हाताऱ्या, पायानं अधू माणसांनी समुद्र कसा गाठावा. कोणत्या हॉटेलला चाकांसाठी उतार आहे, कोणत्या संडासात धरायला दांडी आहे, सगळं लिहायचे.

धडधाकट माणसाला खुर्ची कशाला लागते, हे पंचफुलाबाईंच्या ओठांवर कितीदा आलं अन् त्यांनी गिळलं. पण मागच्या खेपेला खुर्चीचा पट्टा चांगला वीतभर सैल निघाला. म्हणजे बसणारी कोणीतरी होती, अन् खात्यापित्या घरची होती! त्यांना जेवण गोड लागेना.

तशात अकोल्याच्या पेन्शनरांनी जानरावांचा सत्कार ठेवला. दोघं गेली. हाराच्या गडबडीत पंजाबराव नावाचे एक वाचक खुर्चीजवळ आले.

“वहिनी, तुमची हिंमत पाहून आमी बी बुकिंग केलं! साहेबानं लिवलंच हाय ना, ‘आमच्या मंडळीले खुर्चीवर पार पाण्यालोक नेलं, लाटेनं पाय भिजले.’ कसा वाटला समुद्र?”

पंचफुलाबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पेपर अमरावतीला येत नसे. जानराव वाचून दाखवत तेवढंच त्यांना ठाऊक, अन् ही ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती. अंगाचा नुसता भडका झाला. पण चारचौघांत नवऱ्याची अब्रू कशी काढावी?

“लय खारा,” त्या म्हणाल्या.

दोघं घरी परतली. दार लागलं तशा फुटल्या.

“कोण बसते माह्या खुर्चीत?”

जानराव टोपी काढता काढता थांबले. मग मोबाइल पुढं केला. फोटोत समुद्र होता, खुर्ची होती अन् खुर्चीत पट्ट्यानं करकचून बांधलेलं वाळूचं पोतं होतं.

“डॉक्टरच्या काट्यावर तुहं जेवढं वजन भरलं, तेवढीच वाळू भरतो,” ते खाली पाहत म्हणाले. “पोतं फुगते, म्हून पट्टा सैल करा लागते. उतारावरून नेऊन पायतो. पेपरात पोतं कसं लिवू? म्हून मंडळी लिवलं.”

पंचफुलाबाईंना हसू फुटलं. आपली सवत वाळूच्या पोत्यात शिरली होती तर! पण हसता हसताच त्यांनी मोबाइल हातात घेतला.

“अन् मले कावून नाई नेलं?”

“परतवाड्याच्या लग्नात चौघायनं तुले खुर्चीसकट उचललं, तवा तू किती रडली! मनलं, जिथं कोनी उचलाची गरज नाई, अशी जागा सापडली की नेतो. एका जागी पोतं उतारावरून गडगडत गेलं. तिथं तू असती त?”

बिचारा खरं बोलत होता. हे त्यांना कळलं अन् त्याचाच जास्त राग आला. सवतीच्या संशयानं जेवढं जळलं नव्हतं तेवढं आता जळलं. माणूस आपल्या काळजीनं वाळू भरत फिरला, अन् आपल्याला एका शब्दानं विचारलं नाही!

“पोतं पडलं, त मंग तुमी काय केलं?”

“उचललं. झटकलं. परत बसवलं.”

“मंग?”

“मंग दुसऱ्या वाटेनं नेलं पाण्यालोक.”

पंचफुलाबाईंनी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

“तेवढंच माह्यासाठी करा ना जी. पडली त उचलजा.”