पान चौदा पाहावे

गंगीमावशी माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आली तेव्हा दोन खुर्च्या रिकाम्या असूनही ती फरशीवर टेकली, आणि टेकताना तिनं एकदा दाराकडे बघून घेतलं. सोमाटणे फाट्यावर एका वडापावच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. पाटी आहे, 'राजेश्वरी घारे, आर्किटेक्ट'. गिऱ्हाईकं बहुतेक वडापावचीच असतात, जिना चुकून वर येतात. म्हणून मी आधी सांगितलं, "मावशी, वडे खाली मिळतात."

"वडं नगं. दुकान काढून पायजे," ती म्हणाली.

डोंगरातल्या ठाकरवाडीतली बाई. तीस वर्षं लोणावळ्याच्या एका पॉइंटच्या रस्त्याला पाटी टाकून करवंदं, कणसं, शेंगा विकते. तिनं एकच मागणी केली, ती मी त्या दिवशी वहीत लिहून घेतली, कारण एवढी स्पष्ट मागणी घेऊन माझ्याकडे आजवर एकही बिल्डर आलेला नाही.

"गाडीवालं सायेब म्हनत्यात ऊठ. बंगल्याचा वॉचमन म्हनतो ऊठ. फोटो काढनारं पाव्हनं म्हनत्यात, मावशी जरा बाजूला. मला अशी जागा करून दे बाय, जितनं मला कुनी ऊठ म्हननार न्हाई."

जागा मिळालेली होती. तिच्या बचत गटातल्या चार बायकांना रस्त्यालगत दोन गुंठे मंजूर झाले होते, चार गाळ्यांच्या छोट्या इमारतीसाठी. बांधकामाचा खर्चही योजनेतून होता. अट एवढीच, की इमारत वर्षभरात उभी राहिली पाहिजे, नाहीतर जागा परत. आणि इमारत 'स्थानिक शैली मानकां'नुसार असली पाहिजे.

मानकांची पुस्तिका मी मिळवली. अठ्ठेचाळीस पानं, गुळगुळीत कागद. मातीशी नातं जोडणारी प्रस्तावना होती, आणि ती लिहिणाऱ्याच्या चपलेला मावळची माती लागली असावी असं कुठंच वाटत नव्हतं. आता लोणावळ्यात रोमन खांबांचे बंगले आहेत, स्विस छपरांचे आहेत, एकाच्या गच्चीवर तर सिमेंटचे पेंग्विन आहेत. त्यांना मानकं लागू नाहीत, कारण पेंग्विन मानकांच्या आधी आले. करवंदं विकणारी बाई मात्र स्थानिक दिसली पाहिजे.

मी नीट, साधा नकाशा काढला. चार गाळे, उतरतं छप्पर, पुढं काळ्या दगडाची पट्टी, मागं पाण्याची टाकी. मला तो आवडला होता. मानकं तपासणाऱ्या समितीनं अडीच महिन्यांनी परत पाठवला. शेरा होता, 'प्रस्तावात स्थानिक आत्मा आढळत नाही. पान १४ पाहावे.'

मी पान चौदा उघडलं. एक झोपडी होती. कारवीच्या काठ्यांचा शेणानं सारवलेला कूड, जुनी कौलं, खाली झुकलेली वळचण, पुढं ओटा, ओट्याला बांधलेली शेळी. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक शैलीचा आदर्श नमुना'. मी पुस्तिका घेऊन वाडीवर गेले. गंगीमावशीचा नवरा, नवशाभाऊ, चष्मा नसल्यानं पुस्तिका हातभर लांब धरून बघत राहिला.

"गंगे, ही आपली चांदी न्हवं?"

चांदी म्हणजे शेळी. झोपडी त्यांचीच होती. नवशाभाऊनं स्वतःच्या हातानं बांधलेली. कुणी तरी कधी तरी फोटो काढून नेला होता.

"मग कुठं आहे हे घर?" मी विचारलं.

"पाडलं की," गंगीमावशी म्हणाली. "सायेब म्हनला, कच्चं घर पाडल्याबिगर घरकुल मिळनार न्हाई."

ते घरकुल समोरच होतं. सिमेंटची खोली, वर स्लॅब. दुपारी आत कुणी थांबत नव्हतं, सगळे आंब्याखाली.

मला एवढा आनंद कॉलेजात सुवर्णपदक मिळालं असतं तरी झाला नसता. आदर्श नमुना ज्यानं बांधला तो माणूस समोर बसला होता, आणि इमारत त्याच्या बायकोची! दोन दिवस मी वाडीवर बसून नवशाभाऊ सांगेल तसं काढत गेले. वळचण एवढी खाली का, हे विचारलं तर माझ्याकडे त्यानं कीव आल्यासारखं बघितलं. "झड आडवी येती बाय. वळचण वर घेतली तर कूड भिजंल. मानसाचं काय, मानूस वाकतो." ओटा कशाला? "गिऱ्हाईक टेकाय नगं?" दार पश्चिमेला का नाही? याला तो हसलाच.

गाळे चार केले, बाकी पान चौदाच होतं. शेळी तेवढी गाळली, तिला मंजुरी लागेल की नाही याची खात्री नव्हती.

समितीपुढं या वेळी मी गंगीमावशीलाही नेलं. समितीचे अध्यक्ष अमृत सर पुण्याचे, वारशाचे तज्ज्ञ, खादीचा कुर्ता, बोलताना डोळे मिटायची सवय. शेजारी समितीच्या कार्यालयाचा कनिष्ठ अभियंता प्रदीप. प्रदीपनं त्रुटी वाचून दाखवल्या.

"कूड हे कच्चं साहित्य, चालणार नाही. वळचण किमान सात फूट हवी, इथं साडेचार आहे. ओटा सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत येतो, काढावा लागेल. आणि एकंदर स्वरूप स्थानिक शैलीशी सुसंगत नाही." मग मान वर न करता तो म्हणाला, "पान चौदा पाहावे."

"साहेब, हे पान चौदाच आहे!" माझा आवाज चढला. माझा तो दोष आहे, आणि मला त्याची लाज नाही. "तोच कूड, तीच वळचण, तोच ओटा. ज्यांचं घर आहे त्या इथं बसल्यात."

"व्हय सायेब," गंगीमावशी म्हणाली. "आमचंच घर हाय ते. चांदी आमचीच."

अमृत सरांनी डोळे उघडले. "बाई, ते घर आहे. घर म्हणून ठीक आहे. आम्ही शैलीबद्दल बोलतोय." मग जरा हळवं होऊन त्यांनी विचारलं, "आता कसं आहे ते घर?"

"पाडलं."

"अरेरे," सर म्हणाले. "तुम्ही लोकच आपला वारसा जपत नाही."

गंगीमावशीनं माझ्याकडे बघितलं आणि मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं, कारण तिला तिथं मी घेऊन आले होते. उतरताना जिन्यात तिनं विचारलं, "आता जागा जानार का गं?"

साडेपाच महिने गेले होते. तिसरा नकाशाही परत आला असता तर बांधायला वेळच उरला नसता. जागा गेली असती आणि ती पुन्हा रस्त्यावर बसली असती, अतिक्रमणाच्या गाडीची वाट बघत. मग मी शिकलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि अक्कल वापरली.

आंबीच्या एका कारखान्यात फायबरची कारवी मिळते. काठी न काठी वेगळी दिसते, वाळवी लागत नाही, मधे मधे खऱ्यासारख्या गाठीसुद्धा. भिंती विटांच्या, वर स्लॅब, स्लॅबवर फायबरची कौलं, पाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. बाहेरून शेणानं सारवल्यासारखा दिसणारा रंग, कॅटलॉगमध्ये त्याचं नाव 'व्हिलेज मॉर्निंग'. वळचण सात फुटांवर. ओटा भिंतीवर रंगवून घेतला, सावलीसकट.

प्रदीपनं नकाशा चाळून आपुलकीनं सुचवलं, "मॅडम, थोडी आदिवासी चित्रं टाका. समितीला आवडतं. ती त्रिकोणी माणसं असतात ना, गोल करून नाचणारी."

गंगीमावशीला दाखवलं तर ती म्हणाली, "ही आमची न्हाईत."

"मग तुमची कशी असतात?"

"आमी नाचतो. भिताडावर काय नाचायचं?"

पण टाकली. त्रिकोणी माणसं चौदा, फेर धरून. अमृत सर नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले, मग डोळे मिटून म्हणाले, "आता मावळ बोलतोय." मंजुरी त्याच दिवशी मिळाली. पेढे प्रदीपनं आणले.

मुदत संपायला आठ दिवस असताना इमारत उभी राहिली. गाळ्यात दुपारी भट्टी पेटल्यासारखं होतं, आणि आडव्या पावसात सात फुटांच्या वळचणीखालून पाणी थेट गल्ल्यापर्यंत येतं. नवशाभाऊनं प्लास्टिकचा कागद बांधला, मानकांत तो बसत नाही. पण गाळा नंबर एकच्या भोगवटा पत्रावर गंगीमावशीचं नाव होतं. ते तिनं पिशवीत घालून टांगून ठेवलं होतं, देवाच्या फोटोखाली.

महिन्याभरानं पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी फोटो काढायला मंडळी आली. अमृत सर, प्रदीप, फोटोग्राफर आणि पुण्याहून आणलेली एक मुलगी, नऊवारीत, नथ घालून, कमरेवर रिकामी पाटी. मलाही मानानं बोलावलं होतं. गंगीमावशी गाळ्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर कणसं सोलत बसली होती. अंगात तिच्या पोराचं, लखनचं, कंपनीचं निळं जाकीट.

फोटोग्राफरनं कॅमेरा लावला, खाली घेतला. "मावशी, दोन मिनिटं उठता का? फ्रेममध्ये जरा लोकल काहीतरी हवंय."

मी बघत होते. तिचे हात आपोआप कणसं गोळा करायला लागले, पदर खोचला, पाटीखालची चुंबळ उचलली. तीस वर्षांची सवय. अर्धी उठली सुद्धा. मग थांबली. वर टांगलेल्या पिशवीकडे बघितलं, आणि पुन्हा बसली.

"न्हाई उठनार."

"अहो, दोनच मिनिटं," प्रदीप म्हणाला.

"कागुद दाखवू का सायेब? तुमचीच सही हाय." आणि तिनं कणीस सोलायला घेतलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी समजावीन म्हणून. मी नऊवारीतल्या मुलीला विचारलं, कणीस खाणार का. ती बिचारी सकाळपासून उपाशी होती, हो म्हणाली.

दुसरी आवृत्ती परवा आली. पान चौदावर आमची इमारत आहे, 'स्थानिक शैलीचा आदर्श नमुना'. समोर नऊवारी, नथ, पाटी. गंगीमावशीला कापून काढलंय, पण पुरतं जमलेलं नाही. आणखी कापलं असतं तर फायबरची कारवी गेली असती, म्हणून डाव्या कोपऱ्यात एक कोपर राहिलंय, निळ्या जाकिटातलं.

मी पुस्तिका घेऊन गाळ्यावर गेले. संतापलेच होते, वाटेत पत्राचा मसुदाही मनात तयार केला होता. गंगीमावशीनं पान हातभर लांब धरलं, मग नाकाशी आणलं.

"कोपर माझंच हाय," ती म्हणाली.

"तुम्हाला कापलंय मावशी. तुमच्या दुकानातनं."

"कापू दे की." तिनं पुस्तिका मिटून शेंगांच्या पाटीखाली घातली, पाटी डुगडुगत होती ती बरोबर बसली. "पन कोपर बसल्यालंच हाय न्हवं?"