कात्री की छत्री

धाकटी घोषणा देऊन घरी आली तेव्हा तिचा घसा पार बसला होता, आणि जिच्या कचेरीपुढे तो बसवला ती थोरली जाऊ स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"कोमट पाण्यात मीठ टाक आणि गुळण्या कर," थोरली मान वर न करता म्हणाली. "उद्याही ओरडायचं असेल ना?"

"तुमच्या नावानं नव्हतं हो, वहिनी. आम्ही फक्त ऑडिट मागतोय."

"ऐकलं की. माझ्या खिडकीखालीच मागत होतात. 'जागी हो, जागी हो, अधिकारीबाई जागी हो!' अगं, जागीच होते मी. तुमच्यापायी दुपारची डुलकीसुद्धा मिळाली नाही."

धाकटीनं अर्ध्या शेंगा आपल्या पुढ्यात ओढल्या आणि सोलायला घेतल्या.

थोरली एरवी नगरपालिकेत पाण्याचं खातं सांभाळायची. पाणी कधी येईल असं विचारलं तर नुसतं "येईल" म्हणून कुणाला वाटेला लावणं तिला कधी जमलं नाही. येणार असेल तर वेळ सांगायची, नसेल तर "आहे ते पुरवून वापरा" म्हणायची. लोक चिडायचे, पण तिच्या शब्दावर बादल्या मांडायचे आणि उचलायचे. यंदा नगराध्यक्षाची निवडणूक आली आणि वरच्यांनी तिलाच निवडणूक अधिकारी नेमलं, ते याच्याच जोरावर.

उभे होते दोघं. एक जुनेच नगराध्यक्ष. त्यांना सगळा गाव कंत्राटदार म्हणायचा. त्यांचं चिन्ह छत्री. दुसऱ्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्यांचं चिन्ह कात्री. धाकटीचा दिवस शिलाई मशीनवर जायचा, त्यामुळे तिचं मत विचारायची गरजच नव्हती. "मी काय छत्रीनं कपडे बेतू?" असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती. शिवाय सासूबाईंच्या आजारपणात सिस्टर रोज इंजेक्शन द्यायला घरी आल्या होत्या, आणि ते या घरात कुणी विसरलं नव्हतं.

निकाल लागला. छत्री आली, पण अगदी निसटती. आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं.

कुणी म्हणालं, मोजणी चालू असताना वीज गेली होती. कुणी म्हणालं, एक पेटी मागच्या दारानं आत आली. कुणाच्या मेहुण्यानं तर कचेरीच्या गच्चीवर माणसं पळताना पाहिली होती, फक्त तो मेहुणा त्या दिवशी परगावी होता. सगळ्यात पुढे होता भोंगा. धंदा नळदुरुस्तीचा, पण गळक्या नळापेक्षा याचंच तोंड जास्त वाहतं, अशी ख्याती. त्यानंच "ऑडिट करा" ही घोषणा काढली आणि कचेरीपुढे रोज माणसं जमायला लागली.

थोरलीनं पोलीस बोलावले नाहीत. ती बाहेर पायरीवर येऊन बसली आणि एकेकाला म्हणाली, "बोला." वीज गेली होती, हो, तेव्हा पेट्यांना कुलूप होतं आणि कुलपाशी दोन्ही बाजूंची माणसं होती. मागच्या दारानं आली ती पेटी चहाच्या कपांची. "गच्चीवर कोण होतं?" असं भोंग्यानं दरडावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू होतास. आमच्या टाकीचा पाइप जोडायला. बिल अजून दिलं नाहीस." लोक हसले. भोंगाही हसला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

आणि त्या सगळ्यांत धाकटीही असायची. मागच्या रांगेत, पदर डोक्यावरून पुढे ओढून. जसं काही गावाला ती ओळखूच येणार नव्हती. तिला उत्तरं पटत होती. पण सिस्टर हरल्या हे पटत नव्हतं. आणि या दोन्हींच्या मध्ये थोरली उभी होती. लग्न होऊन धाकटी या घरात आली तेव्हापासून थोरलीनं सांगितलेली एकही गोष्ट तिनं पारखून घेतली नव्हती. तिच्या मापावर डोळे मिटून कापड कापावं, असं ते माणूस. आता पहिल्यांदाच तिला वाटत होतं, एकदा आपला टेप फिरवून बघावा. आणि असं वाटतंय याचीच तिला लाज वाटत होती.

"वहिनी, शपथेवर सांगा, सगळं सरळ झालं ना?" शेवटी तिनं मटाराचे दाणे न्याहाळत विचारलं.

"शपथ नेमणुकीच्या वेळीच घेतलीय मी. तुला आणखी एक घालायची असेल तर घाल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "कुणी खोटं केलं नाही, धाकटे. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. सोमवारी निकालावर शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं. मग माझ्या हातात काही राहत नाही."

रविवारी सकाळी फाटकावर खडूनं लिहिलेलं सापडलं : 'छत्री चोर'.

थोरलीनं वाचलं आणि ती आत निघून गेली. धाकटी पुसायला फडकं शोधत होती, तोवर सासूबाई बाहेर आल्या. कानांनी साथ सोडली होती, पण डोळे खणखणीत. त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि घाबरून म्हणाल्या, "अगं बाई! गल्लीत छत्र्या चोरीला जायला लागल्या?" कुणी समजावून सांगेपर्यंत त्यांनी ओसरीवरची घरातली एकुलती एक छत्री उचलली आणि धाकटीच्या शिवणाच्या खोलीतल्या कपाटात नेऊन लपवली.

हसू येऊनही त्या सकाळी घरात कुणी हसलं नाही.

दुपारी धाकटीनं मशीन चालू केलं. एका गिऱ्हाइकाचा झगा संध्याकाळी द्यायचा होता. बाहेर रस्त्यावरून भोंग्याची मंडळी घोषणा देत चालली होती. मशीनची घरघर, बाहेरचा गलका. दोरा कापायला हात लांब केला तर कात्री जागेवर नाही. सासूबाई कपाटापाशीच खुर्चीत बसल्या होत्या.

"आई, कात्री द्या!" धाकटी मशीन न थांबवता ओरडली.

सासूबाईंनी मोठ्या विश्वासानं कपाट उघडलं आणि तिच्या हातात छत्री दिली.

धाकटीनं छत्रीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि सकाळपासून अडकलेलं हसू फुटलंच. "अहो आई, कात्री म्हणतेय मी, कात्री! छत्री घेऊन काय झग्यावर धरू?"

दारात थोरली उभी होती. ती हसत नव्हती.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"मशीन चालू ठेव आणि पुन्हा म्हण. हळू. ओरडू नकोस. कचेरीतल्या माणसासारखं म्हण."

थोरलीनं तोंड भिंतीकडे केलं. धाकटीनं पाय मारायला सुरुवात केली आणि म्हणाली, "कात्री... छत्री... छत्री... कात्री."

"छत्री, छत्री, छत्री, कात्री," थोरली भिंतीला म्हणाली. "बरोबर?"

धाकटीचे पाय थांबले.

थोरली तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मोजणी कशी झाली ते तिनं सांगितलं, जसं काही स्वतःलाच सांगत होती. प्रत्येक टेबलावर एक जण मतपत्रिका उघडून चिन्ह मोठ्यानं वाचणार, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक जण ऐकून रेघ ओढणार. दोन्ही उमेदवारांची माणसं वाचणाऱ्याच्या खांद्यावरून मतपत्रिका बघत होती. रेघ कुठं पडते इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वर पत्रे, पंखे खडखडत होते. शेवटी बेरीज बरोबर आली. येणारच. रेघ इकडे पडली काय आणि तिकडे पडली काय, बेरीज तीच. कोपऱ्यातल्या टेबलावर भूगोलाचे मास्तर वाचायला होते, आणि मास्तरांचा आवाज म्हणजे शेजारच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येईल तर शपथ.

"आणि खिडकीखाली गर्दी," थोरली म्हणाली. "अर्धी 'कात्री कात्री' ओरडत होती, अर्धी 'छत्री छत्री'."

खिडकीखाली कात्रीच्या बाजूनं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, ती धाकटीच.

मग तिनं जे केलं, त्याचं तिला नंतर बरेच दिवस नवल वाटत राहिलं. ती उठली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"वहिनी, राहू द्या."

"काय राहू द्या?"

"उद्या शिक्का मारा आणि मोकळ्या व्हा. कुणाच्या डोक्यातही येणार नाही हे. चोरी नाही, लबाडी नाही. हे बाहेर पडलं तर फाटकावर आज खडूनं लिहिलंय ते उद्या रंगानं लिहितील. इतक्या वर्षांचं नाव तुमचं..."

"आठवडाभर ऑडिट ऑडिट करून घसा फोडलास, तो कशाला गं?"

"तेव्हा मला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी काहीतरी केलं असेल!"

थोरलीला हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदा. "म्हणजे चोर सापडणार असेल तर ऑडिट, आणि वहिनीची चूक सापडणार असेल तर शिवण?" मग ती गंभीर झाली. "खोटं झालं नाही हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण मोजलं ते बरोबर मोजलं, हे आता कुठल्या तोंडानं सांगू? कालपर्यंत सांगत होते, कारण माहीत नव्हतं."

सोमवारी ती पायरीवर बसली नाही, उभी राहिली. समोर नेहमीची गर्दी. धाकटी पहिल्या रांगेत होती, पदर खांद्यावर.

"तुम्ही मला विचारलेल्या शंका खऱ्या नव्हत्या," थोरली म्हणाली. "पण मला एक शंका आलीय, ती खरी असू शकते." आणि तिनं सगळं सांगितलं. पंखे, मास्तर, कात्री, छत्री. घरातल्या छत्रीचंही. "मोजणीची अशी पद्धत ठेवायला नको होती. ठेवली मी. शिक्का मारलेला नाही. अधिकृत फेरतपासणी होईल, सगळ्यांसमोर."

गर्दीला काय करावं कळेना. भोंग्यानं घोषणेसाठी हात वर केला आणि तो तसाच खाली घेतला. मागायचं तेच मिळालं होतं. आता ओरडायचं काय?

कंत्राटदार तावातावानं कचेरीत शिरले. "बाई, जिंकलेल्या माणसाचा हा छळ कशाला? तुमची चूक, भोगायचं मी?"

"तुम्ही खरे जिंकला असाल तर ते तुमच्याजवळच राहील. उलट आज ज्या नजरेनं गाव तुमच्याकडे बघतंय, ती तेवढी जाईल."

वरच्या साहेबांचा फोन आला. थोरली बराच वेळ "हो सर" म्हणत राहिली, आणि शेवटी तितक्याच नम्रपणे म्हणाली, "हो सर. पण शिक्का मारेपर्यंत अधिकार माझा आहे, सर."

फेरतपासणी भर दुपारी झाली, सगळी दारं उघडी ठेवून. सर्वांत जास्त ओरडणाऱ्यांना थोरलीनं सर्वांत पुढच्या खुर्च्या दिल्या. आणि नियम एकच केला : कुणी बोलायचं नाही. वाचणाऱ्यानं मतपत्रिका सगळ्यांकडे वळवून उंच धरायची. कात्री असेल तर दोन बोटं कात्रीसारखी, छत्री असेल तर पंजा डोक्यावर. रेघ ओढणाऱ्यानं तीच खूण परत करायची, मगच रेघ.

पंखे बंद केले. दालनात कागदाची सळसळ तेवढी होती. दोन बोटं, डोक्यावर पंजा, पुन्हा पंजा, दोन बोटं. थोड्या वेळानं पुढच्या रांगेतली माणसंही नकळत तशाच खुणा करायला लागली. भोंगा घामानं निथळत, ओठ मिटून, डोक्यावर पंजा धरून बसला होता, आणि त्याच्या बायकोनं शेजारणीला कोपरखळी मारली, "हे घरी नेता येईल का गं?" भूगोलाचे मास्तर मतपत्रिका अशी उंच धरत होते, जसा वर्गापुढे नकाशा. सासूबाई हट्टानं आल्या होत्या. त्या धाकटीच्या कानाशी म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या हिशेबानं कानाशी, पण सगळ्या दालनाला ऐकू गेलं, "आज पहिल्यांदा मला सगळं ऐकू येतंय."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. ती टेबलांमधून हळूहळू फिरत होती, आपलीच चूक शोधत, एखादी हरवलेली वस्तू शोधावी तशी. आणि सापडली की मान डोलावत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर ती बऱ्याचदा सापडली.

छत्रीची आघाडी अर्ध्यावर आली. पण छत्रीच जिंकली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की आरडाओरडा केला नाही. सिस्टर उठल्या, कंत्राटदारांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आता अभिनंदन करते. निकालाच्या दिवशी केलं नव्हतं." मग थोरलीकडे वळून त्यांनी तिचा हात हातात घेतला, नाडी बघावी तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.

धाकटी घरी आली तेव्हा फाटकाजवळ भोंगा ओल्या फडक्यानं खडू पुसत होता. अक्षर कुणाचं होतं ते तिनं विचारलं नाही.

"हरलो की हो," तो म्हणाला.

"हरलो," धाकटी म्हणाली. "वरचा 'छ' राहिलाय बघा."

शिक्का बसला. आठवड्याभरात वरून थोरलीला कागद आला : मोजणीत चूक कशी झाली, तातडीनं खुलासा करावा. बढतीची फाइल तोवर थांबली. धाकटीच्या गिऱ्हाइकांपैकी एकीनं माप देता देता खडा टाकून पाहिला, "तुमच्या जाऊबाई चुकल्या म्हणे?"

"चुकल्या ना," धाकटी टेप गळ्यात टाकत म्हणाली. "आणि त्यांनीच सांगितलं. तुमच्या ओळखीत आहे का असं कुणी? हात वर करा. बाही मोजायचीय."

संध्याकाळी थोरली खुलासा लिहायला बसली. लिहिता लिहिता पेन थांबलं.

"आवाजाचं कारण काय लिहू गं? पंखे लिहिले, पत्रे लिहिले."

"खिडकीखालची गर्दी लिहा."

"तपशील मागतील. गर्दीत कोण कोण होतं?"

धाकटीनं मशीन थांबवलं. "माझं नाव घाला, वहिनी. सगळ्यांत वर."

"छे," थोरली चष्मा सावरत म्हणाली. "सगळ्यांत वर भोंग्याचं. तू खाली. उगाच फुशारकी नको."

आणि तिनं खरोखरच लिहिलं. धाकटीनं मागून वाकून वाचून घेतलं. बरोबर होतं, तरीही वाचलं. थोरलीनं कागद तिच्याकडे जरा तिरका धरला, नीट दिसावा म्हणून.