ठरवून घेतलेलं वेड

बेचाळीसच्या चळवळीनंतर कुंडलच्या बाजूला पोलिसांची धरपकड चालू होती, त्या दिवसांत फौजदार रंगूबाईच्या दारात आला. तिचा नवरा आकाराम अंगणात औत दुरुस्त करत होता.

"तुझ्या गोठ्यात कोण झोपलं होतं?" फौजदारानं विचारलं.

आकारामला आडपडदा कधी जमलाच नाही. त्यानं मान वर केली आणि सांगून टाकलं, "दोन माणसं हुती. भाकरी खाल्ली आन् पहाटं गेली."

दारात उभी असलेली रंगूबाई पुढं झाली. तेवढ्यात थोरला दीर आप्पासो मोठ्यानं हसला. "सायेब, कुणाला इचारताय? येडा हाय त्यो! काल म्हनत हुता, गोठ्यात राजा उतरलाय."

"मी येडा न्हाई, सायेब," आकाराम म्हणाला.

फौजदाराची खात्री पटली ती तेवढ्यानंच. त्यानं कपाळाला हात लावला आणि शिपायांना घेऊन निघून गेला.

पोलीस परत परत यायचे, त्यामुळे वेड चालू ठेवणं भाग पडलं. सगळ्या वाडीनं मिळून ते निभावलं. शिपाई दिसले की आकाराम घोंगडं पांघरून पारावर बसायचा, आणि पोरंसोरं "येडा आला, येडा आला" करत त्याच्याभोवती नाचायची. संध्याकाळी चुलीपाशी बसून तो रंगूबाईला विचारायचा, "आज कसा दिसलो गं?" दोघंही तोंड दाबून हसायची. पुढं कधीतरी त्यानं विचारायचं सोडलं. नेमकं कधी, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

तीनचार वर्षांनी वॉरंटं उठली आणि लपलेली माणसं उजळ माथ्यानं परत आली. पारावर सभा झाली आणि आप्पासोला हार घातला. आकाराम दोन शब्द बोलायला उठला, तर माणसं खुशीत हसली. "बस रं गड्या, बस," म्हणून कुणीतरी मायेनं त्याला खाली बसवलं. त्यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पुढं देवळाच्या कामाबद्दल तो काही बोलला की सगळे मान डोलवून ऐकून घ्यायचे, आणि तेच दुसऱ्या कुणी म्हटलं की कामाला लागायचे.

रंगूबाई सुरुवातीला घरोघर भांडली. "आवं, ते सोंग हुतं. तुमीच न्हाई का केलं आमच्यासंगं?"

"व्हय बाई, व्हय," बायका म्हणायच्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवायच्या. त्या हातांनीच ती थकून गेली. मग तिनं नाद सोडला.

एकदा जेवताना आकाराम म्हणाला, "रंगू, फौजदाराला मी खरं सांगितलं, तर त्ये येड ठरलं. मग सोंग केलं, तर समदी म्हनली, लय शाणा हाय गडी. आता सोंग सोडलं, तर पुना येडा. मग मी शाणा कवा हुतो?"

दिवसभर रानात तण भांगलून तिची कंबर मोडून आली होती. "जेवा आता," ती म्हणाली.

स्वराज्य आलं त्या साली थोरल्या लेकीला, मनूला, तासगावकडचं स्थळ आलं. नानासो नावाचे सुखवस्तू गृहस्थ आणि त्यांची बायको धोंडूबाई पोरगी बघायला येणार होते. आदल्या दिवशी आप्पासो म्हणाला, "एक दिस आकारामला मळ्यात धाड. उगं कशाला इषय?" रंगूबाईनं वाद घातला नाही. सकाळी तिनं फडक्यात भाकरी बांधून त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली आणि काही न विचारता वाट धरली.

पोरगी पसंत पडली. धोंडूबाई आत चुलीपाशी येऊन बसली. "मालक कुठं दिसनात तुमचं?"

"मळ्यात गेल्यात."

शेजारची भामाबाई पोहे निवडत होती. ती कळवळून बोलून गेली, "डोक्यानं अधू हाय बिचारा. पर तरास न्हाई कुनाला."

मग रंगूबाईला राहवलं नाही. फौजदारापासून पारावरच्या सभेपर्यंत सगळं तिनं सांगितलं. सांगताना आपला आवाज चढतोय, हे तिला कळत होतं. धोंडूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, मानूस एवढा शाणा हाय, तर आज त्येला मळ्यात का धाडला?"

पाहुणे चहा घेऊन उठले. कळवतो म्हणाले, पण ते कळवणार नाहीत हे रंगूबाईला तिथंच कळलं.

त्याच संध्याकाळी रंगूबाई मळ्यात गेली. आकाराम बांधावर बसला होता, भाकरी तशीच फडक्यात होती.

"जमलं न्हाई जनू. माझ्यामुळं?"

"न्हाई. माझ्यामुळं. मी तुमाला हितं धाडलं."

"मला तरी न्हाई म्हनता आलं आसतं की," तो म्हणाला. "तू भाकरी दिलीस आन् पाय आपलं चालाय लागलं. पयल्या सालाला सोंग करत हुतो, ठावं हाय मला. आता काय करतोय, त्ये सांगता येत न्हाई."

ती त्याच्या शेजारी बसली. फडकं सोडून तिनं भाकरी अर्धी अर्धी केली. अंधार पडता पडता ती म्हणाली, "माझा भाऊ ज्ञानू मुंबईला गिरणीत हाय. तिकडं माणदेशात त्येचं रान पडीक पडलंय. जाऊ या तिकडं."

निघताना आप्पासो रडला. "आरं, मी तुला वाचवलं रं!"

"व्हय दादा," आकाराम म्हणाला. "त्येला मी न्हाई म्हनत न्हाई."

माणच्या कोरड्या रानात कष्ट दुप्पट होते. आकाराम गप्प गप्प राबायचा, चार माणसांत बसायचा नाही. उन्हाळ्यात एका सकाळी गावची माणसं त्यांच्या घराजवळ ओढ्याकाठी जमली. विहीर खोल करायची की ओढ्याला बांध घालायचा, असा प्रश्न होता. कुणीतरी त्यालाही विचारलं. त्यानं रंगूबाईकडं पाहिलं. ती मान खाली घालून गवऱ्या थापत राहिली.

"बांध घाला," तो शेवटी म्हणाला. "खाली कातळ हाय. कितीबी खणा, पानी लागनार न्हाई."

"तुला काय कळतंय?" जोतीराम नावाचा म्हातारा उसळला. "दोन दिसाचा पावना तू! माझ्या बापानं हीर खणून पानी लावलंय हितं!"

"बापाच्या येळचं पानी आता कुठं हाय, दाखवा की!"

दोघांची चांगलीच जुंपली. म्हातारा काठी आपटत होता, आकाराम हातवारे करून ओरडत होता. हसत कुणीच नव्हतं. चारजण याच्या बाजूचे झाले, चारजण त्याच्या. मनू धावत आली. "आई, आवर की त्यास्नी! भांडनं व्हत्यात बघ!"

"व्हऊ दे," रंगूबाई म्हणाली. शेणानं भरलेले हात तसेच ठेवून ती भिंतीला टेकली आणि कित्येक दिवसांनी तिला बसल्या जागी डुलकी लागली.