पाळलेला प्राणी: रोडरोलर

प्रश्न: तुमचा मुख्य पासवर्ड पुरेसा मोठा आहे का?

सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवा, म्हणजे निर्धास्त व्हाल, असं सांगणाऱ्या कंपनीचीच तिजोरी फुटली. सकाळी मेल आला. कळवण्यास खेद होतो. तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या आहेत. प्रत्येक प्रत कुलूपबंद आहे. मात्र आपला मुख्य पासवर्ड सोपा असल्यास

पुढचं तिने वाचलंच नाही. तिजोरी उघडणारा तिचा मुख्य पासवर्ड म्हणजे लहानपणच्या कुत्र्याचं नाव आणि स्वतःचं जन्मसाल.

ती कृत्रिम स्तन बनवते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत एक बाजू गेलेल्या बायका तिच्याकडे येतात. घराची पुढची खोली हाच कारखाना: प्लास्टरचे साचे, सिलिकॉनचे डबे, त्वचेच्या रंगांच्या बाटल्या. उरलेल्या बाजूशी हुबेहूब जुळायला हवं, तीळसुद्धा. त्यासाठी फोटो काढावे लागतात. फोटो इंटरनेटवरच्या एका साठवणीत, प्रत्येकीच्या नावाच्या फोल्डरमध्ये. आणि त्या साठवणीची किल्ली त्या तिजोरीत.

प्रत्येकीला तिने शब्द दिला होता. हे या खोलीबाहेर जाणार नाही.

प्रश्न: आधी काय वाचवाल?

"बँक!" नवरा ओरडला. तोंडात ब्रश होता.

"बँकेत आहे काय आपलं?" सासूबाई म्हणाल्या. "चोर बिचारा दया येऊन चार पैसे टाकून जाईल."

"आधी मेल," ती म्हणाली. "पासवर्ड विसरलो असं कुठेही सांगितलं, की नवा घालायची लिंक मेलवर येते. मेल त्याच्या हातात पडला तर सगळंच पडलं. मग फोटो. बँक त्यानंतर."

"आणि माझं सिनेमांचं खातं?"

"बघू दे की चोराला सिनेमे," सासूबाई म्हणाल्या. "तेवढा वेळ तरी गप्प बसेल."

तिने मेलवर दुहेरी तपासणी सुरू केली. आता कुणीही बरोबर पासवर्ड टाकून आत शिरू लागलं, की आधी तिच्या फोनवर विचारणा होणार. मग ती नवा, लांबलचक पासवर्ड जुळवायला बसली.

फोन नवऱ्याच्या कोपरापाशी चार्जिंगला लावलेला. फोन थरथरला.

प्रश्न: तुम्हीच आहात का? हो / नाही

या घरात फोनने काहीही विचारलं तरी उत्तर एकच. अटी मान्य? हो. तुम्ही कुठे आहात ते कळू द्यायचं? हो. पुन्हा विचारू नये? हो, बाबा, हो. नवऱ्याचं बोट सवयीने निघालं.

"थांब!"

बोट काचेच्या वर अधांतरी.

"तू नाहीस का ही?" त्याने विचारलं.

"मी अजून पासवर्ड टाकलाच नाहीये."

तिजोरी कुणीतरी उघडली होती. तो आला होता. दाराशी उभा होता, जुनी किल्ली घेऊन.

तिने उठून, स्वतःच्या बोटाने, *नाही* दाबलं. दोन श्वासांत मेलचा पासवर्ड बदलला. मग फोटोंच्या साठवणीचा. मग 'सगळीकडून बाहेर काढा' हे बटण.  

प्रश्न: लहानपणी पाळलेला प्राणी?

साठवणीला मागचं दार होतं. पासवर्ड विसरलात? मग या तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

तिची खरीखुरी उत्तरंही तिजोरीतच लिहिलेली.

"खोटी लिहायला हवीत," ती म्हणाली आणि बसून राहिली. तिला सुचेना. बाई तिळाला तीळ जुळवणारी.

"सरक," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचं वय डॉक्टरांच्या कागदावर वेगळं आहे, शेजारणींसाठी वेगळं. समोरच्या इमारतीतल्या सगळ्यांना वाटतं, की त्यांनी तरुणपणी विमान चालवलं आहे.

"प्राणी? रोडरोलर लिही."

"आई, प्राणी विचारलाय."

"चोरालाही तसंच वाटेल. पुढे?"

"पहिली शाळा."

"मीच काढलेली. पुढे?"

"लग्नानंतरची पहिली सहल."

"समुद्र," नवरा लाजत म्हणाला.

"दाढ काढायला," सासूबाईंनी सांगितलं. "लिही."

"हे माझ्या लक्षात नाही राहायचं."

"मी आहे ना. सराव आहे मला."

प्रश्न: आतापर्यंत कोण कोण आत आलं?

साठवणीत कोण कधी शिरलं, त्याची नोंद ठेवणारं पान. तिने डोळे मिटून उघडलं. प्रत्येक प्रवेशाची ओळ. हा संगणक. हाच संगणक. एक टॅबलेट.

"टॅबलेट कुणाचा?" नवऱ्याचा आवाज चिरका झाला.

"माझाच. रंग जुळवायचा."

पुन्हा हा संगणक. शेवटपर्यंत तीच. दुसरं कुणी नाही.

तेवढ्यात साठवणीकडून मेल आला: आपलं खातं परत मिळवण्याचा प्रयत्न झाला. उत्तर चुकलं.

पुन्हा. उत्तर चुकलं.

"टाकलं असेल कुत्र्याचं नाव!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "टाक, टाक! मांजर टाकून बघ!"

पुन्हा. उत्तर चुकलं. प्रयत्न रोखण्यात आला आहे.

नवऱ्याने आईला उचललं. त्या ओरडल्या, मला खाली ठेव, माझं वय बघ. कुठलं, ते सांगितलं नाही.

प्रश्न: मग सांगायचं कशाला?

नवऱ्याचा हा प्रश्न. काही गेलंच नाही ना?

"तिजोरी फुटली होती, हे त्या बायकांना माझ्याकडून कळू दे."

तिने प्रत्येकीला फोन केला. एकीने शिव्या घातल्या, त्या तिने ऐकून घेतल्या. एकीला फोटो नकोच होते, तिच्यासमोर पुसले. ज्यांचं काम पूर्ण झालं होतं त्यांचेही पुसले. उरलेल्या फोल्डरांवरची नावं काढली.

त्यांतली एक पोहायला शिकवणारी, तिने ऐकलं आणि फोन ठेवून दिला. पहिल्या भेटीत तिने फोटोला साफ नकार दिला होता, दुसऱ्या भेटीत एकच काढू दिला. ती आता येणार नाही, हे गृहीतच होतं.

ती आली. दारातूनच म्हणाली, "ताई, त्याने पाहिलं नाही?"

"नाही."

"कशावरून?"

तिने ते पान दाखवलं, प्रत्येक ओळ. मग ते मेल. पोहणारीने दोनदा वाचलं.

"असं काय उत्तर होतं, की त्याला जमलं नाही?"

"ते सांगता येत नाही," आतून सासूबाई म्हणाल्या. "पण प्राणी मोठा होता."

पोहणारी हसली. पर्स खुर्चीवर टाकली, खिडकीपाशी गेली आणि ब्लाउजची बटणं काढू लागली.

"काढा फोटो. तिन्ही बाजूंनी. इथे उजेड चांगलाय."

प्रश्न: पाण्यात सरकणार तर नाही ना?

नवा स्तन तयार झाल्यावर घरची तिघंही पोहण्याच्या तलावावर गेली. पोहणारी सगळ्यात वरच्या फळीवर चढली, खाली बघून हात केला आणि सूर मारला. पाणी फुटलं, मिटलं. ती वर आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईंकडे वळल्या.

"हिला मीच शिकवलंय," म्हणाल्या.